पोस्टर नको, पानं दाखवा

सोमवार, रात्र

कॉमिक्सचं काम मागायला निघालेल्यांच्या पोर्टफोलिओत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं: सुटी, देखणी चित्रं. छाती काढून उभा नायक, मागे वीज, कोपऱ्यात झोकदार सही. संपादकाला शोध असतो वेगळ्याच गोष्टीचा. पहिल्या पानावरचा माणूस पाचव्या पानावर तोच वाटतो का? फुगे, म्हणजे पात्रांची बोलणी लिहिलेले गोल, हाताने झाकले तरी काय घडलं ते कळतं का?

म्हणून सरावाला मारामारी घेऊच नये. उडत्या लाथेत वाकडा खांदाही खपून जातो. साधा प्रसंग घ्यावा: बाई दार उघडून आत येते, टेबलावरचं पाकीट पाहते आणि न फोडताच पर्समध्ये टाकते. पाच चौकटी पुरतात. पहिलीत अख्खी खोली, म्हणजे दार कुठे, टेबल कुठे ते एकदाच पक्कं होतं. दुसरीत खाली वळलेली नजर. तिसरीत पाकीट, अगदी जवळून. चौथीत पर्सची चेन आणि बोटं. पाचवीत पाठमोरी बाई.

घोटाळा होतो तो पाचवीत. बघणारा नकळत खोलीच्या पलीकडच्या बाजूला जातो, उजवीकडे चाललेली बाई डावीकडे निघते आणि वाचकाला वाटतं, ती परत फिरली. दारापासून टेबलापर्यंत मनात एक रेघ ओढायची आणि सगळ्या चौकटी त्या रेघेच्या एकाच बाजूने पाहायच्या.

मंगळवार

थंबनेल, म्हणजे पानाचा छोटा कच्चा आराखडा, दोन-तीन इंच उंचीचंच बरं. मोठं केलं की हात नाक-डोळ्यांत रमतो. एका पानाचे तीन आराखडे करावेत. पहिला बहुधा कुठेतरी पाहिलेलाच असतो, तिसऱ्यात काहीतरी आपलं सापडतं.

फुग्यांची जागा इथेच धरायची. पान रंगवून झाल्यावर बसवलेला फुगा कुणाच्या तरी कपाळावरच बसतो. आधी बोलणारं पात्र डावीकडे हवं. ते उजवीकडेच असणं भाग असेल, तर त्याचा फुगा वर आणि उत्तराचा त्याच्या बराच खाली. एका फुग्यात पंचवीसेक शब्दांपेक्षा जास्त नकोत. देवनागरीत तर वर मात्रा, खाली उकार. ओळी रोमन अक्षरांसारख्या चिकटवल्या की एकमेकींत अडकतात. त्यामुळे फुगा अंदाजापेक्षा मोठाच धरावा.

धक्का द्यायचा असेल तर तो डावीकडच्या, सम क्रमांकाच्या पानावर. उजव्या पानावर ठेवला तर पान उलटताक्षणीच डोळा तिथे पोचतो आणि डावं पान वाचण्याआधीच गुपित फुटतं.

बुधवार

अमेरिकी पद्धतीच्या मासिक अंकासाठी मूळ कागद 11 × 17 इंचांचा असतो, मुख्य चित्र साधारण 10 × 15 इंचांत बसवतात आणि छापील पान होतं सुमारे 6.6 × 10.25 इंचांचं. म्हणजे मूळ चित्र जवळजवळ साठ टक्क्यांवर येतं. दाट छायारेषा तिथेच मिटून काळा गोळा होतात. उपाय फुकटातला आहे: शाई करण्याआधी एक चौकट लहान करून छापून पाहायची. काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राचं स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके), नाहीतर तिरप्या रेघेला करवतीचे दात येतात.

आणखी एक बारीक शत्रू म्हणजे चिकटलेल्या कडा. मागच्या खांबाची रेघ नेमकी डोक्याच्या रेघेला टेकली की खांब डोक्यातून उगवतो. एकतर वस्तू स्पष्टपणे एकमेकींवर चढवा, नाहीतर मध्ये मोकळी जागा सोडा. नुसतं टेकणं वाईट.

शुक्रवार

कामाचा खरा प्रश्न वेगाचा आहे. महिन्याच्या अंकात वीस-बावीस पानं, म्हणजे सुट्ट्या वगळल्या की रोज एक. थंबनेल, पेन्सिल, शाई यांना किती तास लागतात ते निदान दहा पानं घड्याळ लावून लिहून ठेवावं. तारीख सर्वांत सोप्या पानावरून दिली तर ती चुकतेच. गर्दीच्या बाजाराचं पान दुप्पट वेळ खातं.

पाठवायला पाच ते आठ सलग पानं पुष्कळ. त्यात एक शांत संभाषण, एक रस्ता, साधे कपडे, वेगवेगळ्या वयांची माणसं आणि प्रत्येक पानावर नाव व संपर्क. कच्चं पान निर्दयपणे काढावं, कारण मत त्यावरूनच बनतं. नवख्याने दोनशे पानांची महागाथा धरू नये. चार पानांची पूर्ण झालेली गोष्ट जास्त बोलते. लेखकाबरोबर जोडी जमवायलाही तीच बरी, पटलं नाही तर चार पानांत सुटका.

होकार आला की लेखी विचारायचं: पानामागे मानधन किती, आगाऊ किती, काम मध्येच थांबलं तर किती, मूळ पानं कुणाकडे राहणार, पुनर्मुद्रण आणि अनुवादाचे हक्क कुणाचे. पैसे पानं सुपूर्द केल्यापासून ठरावीक दिवसांत मागावेत, ‘प्रकाशनानंतर’ हा शब्द टाळावा. अंक रखडला तर पैसेही रखडतात. दुरुस्त्या थंबनेलला दोनदा, पेन्सिलला एकदा. शाईनंतर बदल हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे, आणि हे पहिल्याच पत्रात लिहावं.