तिसऱ्यातून दुसऱ्यात

रविवार, रात्री

आज लेकीवर ओरडलो. आजच लिहून ठेवतो. दोन दिवस गेले की "जरा आवाज चढला, एवढंच" अशी मीच माझी समजूत घालीन.

सकाळी सहाला केगावकडे गेलो होतो, विद्यापीठाच्या बाजूला. त्या वेळेला तिकडे फारशी रहदारी नसते. आठ वाजून गेले की सोलापूरच्या मे महिन्यात स्टेअरिंगला हात लावायची सोय राहत नाही. लेकीचं लर्निंग लायसन्स येऊन तीन आठवडे झाले. गाडी आमची 2004 ची मारुती 800, चार गिअरची. पहिला टाकते, दुसरा टाकते, तिसऱ्यापर्यंत छान जाते. पण गतिरोधक दिसला आणि तिसऱ्यातून दुसरा घ्यायचा म्हटलं की पडतो चौथा. गाडी दोन गचके देते आणि बंद पडते. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा मागून दुधाच्या टेम्पोनं हॉर्न दिला आणि मी भडकलो. "डावीकडे दाबून खाली ओढ म्हणून किती वेळा सांगायचं? लक्ष कुठंय तुझं?"

ती काही बोलली नाही. गाडी कडेला घेतली, उतरली आणि मुकाट्यानं डावीकडच्या सीटवर येऊन बसली. घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

येताना मी चालवली, तर एकदाही चौथा पडला नाही. त्यामुळे माझंच खरं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

सोमवार

सोमवारी अण्णांना सिद्धेश्वराला न्यायचं ठरलेलं असतं. वय 79, डोळ्यांनी कमी दिसतं, पण तळ्याच्या कडेनं चालत देवळात जायचं सोडत नाहीत. दर्शन घेऊन परत आलो, गाडीत बसलो, मी किल्ली लावायच्या आधी त्यांनी सहज गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

"हा असा का डुलतोय रे?"

"न्यूट्रलमध्ये आहे अण्णा, डुलणारच."

"मग गिअरमध्ये टाक."

टाकला. त्यांनी मूठ धरून दांडा डावीकडे-उजवीकडे हलवला, एकदा सावकाश, एकदा झटक्यानं. मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "खाली सैल आहे. बुश खाल्लाय. तू हातानं भरून काढतोयस, पोरीला कसं जमंल?" बुश म्हणजे सांध्यात पिनेभोवती बसवलेली छोटी नळी.

अण्णांनी आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात चौतीस वर्षं जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे, होते. चाळीस माग एका शेडमध्ये खडखडत असताना, ज्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही त्या आवाजात, कुठल्या मागाचा बुश झिजलाय हे ते दारात उभे राहून सांगायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा हे बघितलंय. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा भाग, अजून नीट पळत असायचा, कापडात काही दोष दिसत नसायचा, आणि अण्णा पाना घेऊन त्या मागापाशी जाऊन उभे. त्यांच्या हाताखाली माझी गाडी तीन सेकंद होती. माझ्या हाताखाली अकरा वर्षं.

"तू हातानं भरून काढतोयस" हे वाक्य दिवसभर ऑफिसात डोक्यात फिरत होतं. खरंच आहे. मी दुसरा घेताना दांडा जरुरीपेक्षा कितीतरी जास्त डावीकडे रेटतो, आणि रेटतो हे मला माहीतच नव्हतं. झीज एका दिवसात येत नाही, म्हणून हाताला कळत नाही. रोज केसभर वाढते, आणि हात रोज केसभर जास्त जातो. लेकीच्या हाताला ही सवय नाही. मी सांगितलं तेवढंच ती डावीकडे नेते. पहिला-दुसरा डावीकडच्या रांगेत आणि तिसरा-चौथा मधल्या, पण तेवढ्यानं दुसऱ्याची रांग येत नाही. दांडा मधल्याच रांगेत राहतो, आणि तिथून खाली ओढला की चौथा. तिचं काहीच चुकत नव्हतं.

रात्री जेवताना तिला हे सांगितलं. "काल तुझी चूक नव्हती. गाडीची होती, आणि मी उगाच बोललो." ती "बरं" म्हणाली आणि शेंगाची चटणी पुढे सरकवली. आमच्याकडे एवढं झालं म्हणजे मिटलं.

मंगळवार

सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं, गिअर जरा अवघड पडतोय म्हणून. तिथला माणूस दोन मिनिटं चालवून आला आणि म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी परत आणली होती. त्यानं खाली वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं, याचा आज जास्त राग आला.

कारण बघायला फार काही लागत नाही. इंजिन बंद असतानाही दांडा सैल लागतो, म्हणजे क्लचचा संबंध नाही. आज पहाटे गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलली, दोन्हीकडे लोखंडी घोड्या लावल्या, मागच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मी कधीच शिरत नाही. लेकीला आत बसवलं. ती दांडा हलवणार, मी खालून टॉर्च मारून बघणार.

या गाडीत इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला. आपल्या हातातला दांडा मात्र दोन सीटच्या मध्ये. दोघांना जोडायला खालून एक लांब रॉड जातो. रॉड पुढे-मागे सरकला की गिअर पडतो किंवा निघतो. स्वतःभोवती जरासा फिरला की कुठल्या रांगेतला गिअर ते ठरतं, पहिला-दुसरा की तिसरा-चौथा. त्याच्या जोडीला दुसरा एक रॉड असतो, तो दांड्याच्या घराला गिअरबॉक्सशी धरून ठेवतो, म्हणजे इंजिन माउंटिंगवर हललं तरी दोघं बरोबर हलतात. या सगळ्या सांध्यांत छोटे छोटे बुश.

"डावीकडे घे," मी खालून म्हणालो. दांड्याचं खालचं टोक हललं. पिन बुशच्या आत एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, टक्. रॉड जागचा हलला नाही. आणखी डावीकडे घेतल्यावर मग तो फिरायला लागला.

"बाबा, मी आत्ता अर्ध्या वाटेवर आलेय, तुमच्याकडे काही हललं का?"

"नाही."

"मग?"

मग तिला खाली बोलावून दाखवलं, आत मी बसलो. तिनं टॉर्च धरून दोन-तीनदा बघितलं. तेवढ्यात नळाला पाणी आल्याची वरून हाक आली आणि आम्ही दोघं तसेच काळ्या हातांनी टाकी भरायला पळालो. पाचव्या दिवशी येणारं पाणी गाडीसाठी थांबत नाही.

संध्याकाळी बुश काढले. नटांवर आदल्या रात्रीच गंजाचं तेल मारून ठेवलं होतं, म्हणून फार त्रास झाला नाही. रॉड सैल करायच्या आधी सांध्यावर खडूनं आडवी रेघ मारली, परत जोडताना त्याच जागी बसावा म्हणून.

जुना बुश आता माझ्यासमोर टेबलावर आहे. करंगळीच्या पेरापेक्षा लहान. मूळचं भोक गोल असणार, आता ते लांबट झालंय, डोळ्याच्या आकाराचं. एका बाजूची भिंत शाबूत आहे, दुसऱ्या बाजूची पापडासारखी, नखानं दाबली की आत जाते. आत काळं, ओलसर पीठ. वीस वर्षांची धूळ, ग्रीस आणि झिजलेला बुश, सगळं एकत्र मळलेलं. पिनवरही एका बाजूला खाच आहे, ती बोटाला लागते, डोळ्याला नीट दिसत नाही.

फुटपट्टीनं मोजलं. दांड्याचा टेकूच्या वरचा भाग खालच्या भागाच्या साधारण सहापट. म्हणजे खाली दीड मिलिमीटर ढिलाई असली, तर वर मुठीपाशी नऊ मिलिमीटर. आणि सांधे एकापेक्षा जास्त.

गुरुवार

मारुती 800 ही गाडी 1983 च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत बनायची बंद झाली, पण तिचे सुटे भाग अजून मिळतात. बुशचा तयार संचही मिळाला असता. पण आता काढलेच आहेत तर जास्त टिकतील असे घालावेत, असं मनात होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णांच्या ओळखीचा एक लेथवाला आहे, मागाचे पार्ट करतो. अण्णांना घेऊनच गेलो.

मी म्हणालो, "पितळेचे करा, सगळे. एकदाचा ताप मिटू दे."

त्यानं बुश उलटसुलट करून बघितले. "मालक, पितळेचे करून देतो, पण खाली माती येते की. ग्रीस गेलं की पितळ पिन खातंय. आणि तीन सिलिंडरची गाडी, सगळी थरथर मुठीत येईल तुमच्या."

मग डेलरिन करायचं ठरलं. पांढरं, कडक, हाताला जरा गुळगुळीत लागणारं प्लास्टिक. नायलॉनही होतं त्याच्याकडे, पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. पावसाळ्यात गिअर जाम नको. डेलरिन पाणी फारसं धरत नाही. गरम झाल्यावर मात्र लोखंडापेक्षा ते कितीतरी जास्त वाढतं, आणि सायलेन्सरचा पाइप जवळूनच जातो, म्हणून भोक पिनेपेक्षा केसभर मोठं ठेवायचं. त्यानं आधी पिनच मोजली, व्हर्निअर माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ही पण नवीन करा. जुन्या पिनेवर नवीन बुश म्हणजे दोन महिन्यांत परत माझ्याकडे."

दुसऱ्या रॉडच्या टोकाचा रबरी बुश मात्र त्यानं बाजूला काढून ठेवला. "हा रबरीच आणा दुकानातून. ह्यानं धक्का खायचा असतो." अण्णा लगेच म्हणाले, "पिकरासारखं." पूर्वी मागाचा पिकर म्हशीच्या कातड्याचा असायचा. धोट्याला प्रत्येक फेरीला तो फटका मारतो आणि फटका झेलतोही. कातडं मार खातं, म्हणून धोटा वाचतो. दोघं मग अर्धा तास तेच बोलत बसले, निम्मं मराठीत, निम्मं तेलुगूत. अण्णांना तेलुगू इतकं येतं हे मी विसरूनच गेलो होतो. खूप दिवसांनी त्यांना असं खुलून बोलताना बघितलं.

लेथ चालू झाला. डेलरिनच्या कांडीवरून हत्यार सरकलं की बूर तुटत नव्हता, पांढऱ्या सुतासारखा सलग निघत होता आणि खाली वेटोळं होऊन पडत होता. अण्णांनी त्यातला हातभर उचलला, अंगठा आणि बोटात धरून पीळ दिल्यासारखं केलं, आणि परत टाकला.

चार बुश, एक पिन. साडेतीनशे रुपये.

शनिवार

जोडायला दीड तास लागला. त्यातला अर्धा तास जुनं काळं पीठ पुसण्यात गेला. डेलरिनच्या बुशना साधं ग्रीस, रबरी बुशला सिलिकॉनचं, कारण साध्या ग्रीसनं रबर फुगून बाद होतं. खडूच्या रेघा जुळवल्या. एक बुश तिरका बसत होता, तो काढून कडेला बारीक पॉलिश पेपर मारला, मग अंगठ्यानं दाबून बसला. हातोडी लागली नाही. नट आवळल्यावर लेकीला पुन्हा आत बसवलं.

"डावीकडे."

दांडा आणि रॉड एकदमच हलले. मध्ये टक् नाही.

"परत एकदा," मी म्हणालो. काही कारण नव्हतं. नुसतं बघायचं होतं. तिनं पाच-सहा वेळा केलं, मी उताणा पडून बघत राहिलो.

नंतर अण्णांना जिन्यावरून धरून खाली आणलं. त्यांनी मूठ धरली, डावीकडे, उजवीकडे, मान खाली घालून. "हां," एवढंच म्हणाले आणि हात काढून घेतला. पण मग लगेच वर आले नाहीत. दार उघडं टाकून तिथंच सीटवर बसून राहिले, चहा खालीच मागवला.

रविवार

सकाळी सहा, केगाव. त्याच रस्त्यावरचा तोच गतिरोधक. लेकीनं क्लच दाबला, दांडा डावीकडे नेला, खाली ओढला. दुसरा. गाडी आवाज न चढवता गतिरोधकावरून गेली. पुढच्यालाही दुसरा. तिसऱ्या गतिरोधकानंतर ती मैत्रिणीच्या लग्नाबद्दल काहीतरी सांगायला लागली, म्हणजे गिअरकडे तिचं लक्षही राहिलं नव्हतं. मूठ जरा थरथरते पहिल्यापेक्षा, गाडी जागेवर उभी असताना कळतं. चालेल.

येताना मी चालवायला घेतली. सात रस्त्याच्या अलीकडे एक रिक्षा मध्ये आली, मी तिसऱ्यातून दुसरा घेतला आणि दांडा माझ्या नेहमीच्या जोरात डावीकडे रेटला. तो कधीच तिथं पोचलेला होता. माझा हात आणखी जायला बघत होता. पुढच्या चौकात तेच, आणि होटगी रोडला परत.

"बाबा," लेक म्हणाली, "एवढं दाबू नका. तो येतो."