उंबर फोडून पाहावं

उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक किडे, उडवू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. माणसांच्या भानगडींपुरतं ते ठीक. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा वड-उंबराचा आडदांड भाऊबंद, मोरेटन बे फिग, ओळखायचा तर मात्र फळ फोडावंच लागतं. बाहेरून दिसतात ती भिंतींसारखी उभी मुळं, वीतभर लांब पानं आणि त्यांची गंजाच्या रंगाची पाठ.

दोन-अडीच सेंटिमीटरचं कच्चं फळ उभं चिरलं की आत फुलंच फुलं. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही ते यामुळेच. तिथवर पराग पोचवते ती प्लिस्टोडोंटिस फ्रॉगाटी, गांधीलमाशीची तिळाएवढी चुलतबहीण. फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत घुसताना तिचे पंख तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, बाकीच्यांना पराग देते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी आपापल्या फुलांतून बाहेर येतात, माद्यांशी जुगतात, फळाला भोक पाडतात; संपलं त्यांचं आयुष्य. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात.

तेवढ्यात दुसरं कच्चं फळ मिळायला हवं, म्हणून सगळी झाडं एकदम फळून भागत नाही. कुणी ना कुणी बारमाही फळत असतं. रानातली बाकी फळं आटली की फळकबुतरं, फिगबर्ड आणि करड्या डोक्याची वटवाघळं इथेच पंगतीला बसतात. त्यांच्या विष्ठेतलं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं. त्या यजमानाचं पुढे काय होतं, ते वडाने वेढलेल्या ताडाला विचारावं.

सिडनीच्या दक्षिणेकडच्या इलावारा भागात दुधाच्या धंद्यासाठी रान तोडलं, पण ही झाडं बरीच वाचली: लाकूड कुचकामी, सावली मात्र गुरांना हवीच. आता कुरणातलं असं एकटं झाड पक्ष्यांचा थांबा झालं आहे. खाली इतर रानझाडांचं बीही पडतं. कुंपण घालून गुरं बाहेर ठेवली तर रोपं उठतात.

कॅलिफोर्नियात सांता बार्बराला १८७६ साली लावलेलं झाड प्रचंड वाढलं, पण तिथे ही केंबरं नाहीत, त्यामुळे बी वांझ. हवाईत १९२१ मध्ये किडा मुद्दाम नेला. आता तिथे रोपं नको तिथे उगवतात.

पेरायचंच असेल तर पिकलं फळ पाण्यात कुस्करावं, तळाशी बसेल तेवढंच बी घ्यावं आणि ओल्या मातीवर नुसतं भुरभुरावं. वर माती लोटू नये. बी बारीक, त्याला उजेड लागतो.