रजिस्टरात नका लिहू

“ताई, सांगतो तुमाले, पण रजिस्टरात नका लिहू.”

उपकेंद्रावरची मीटिंग संपली, बाकीच्या आशा सेविका ऑटो पकडायला धावल्या, ही मागं राहिली. माझ्यासमोरचं रजिस्टर तिनं स्वतःच मिटलं. पेन उचलून माझ्या पर्समध्ये टाकला. मग बोलली.

काय बोलली, ते इथं येणार नाही. एवढं लिहू का, हेही तिलाच विचारलं. “नाव-गाव टाकू नका, बस.”

मी आधीच सांगितलं होतं, तुझं बोलणं माझ्यापाशीच राहील. फक्त जिवाचं काही निघालं तर मी गप्प बसणार नाही. तिला ते पटलं.

यवतमाळसारख्या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आशाच शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करतात. झोप लागते का? कशाचा घोर लागलाय का? आणि त्यांचं मानधन लांबलं, घरात भांडण झालं, तर त्यांना कोण विचारतं? मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास. चांगली सोय आहे, आम्हीच गावात सांगत फिरतो. पण दीड खोलीचं घर, ओसरीवर सासू; ही फोनवर बोलणार कुठून? वरच्यांना सांगावं, तर उद्या “हिच्यानं काम होत नाही” हा शिक्का.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. पण सोबत काम करणाऱ्या बाईनं ऐकलेलं पोटात ठेवावं, यासाठी कोणता जीआर निघणार?

तुमच्या कामावर आहे का कोणी असं, ज्याच्यापाशी बोललेलं चहाच्या टपरीपर्यंत पोचत नाही?