जाळ धुराड्यात गेला होता

करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचलो तेव्हा आई दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसली होती. "खालनं भाजतंय गं," एवढंच म्हणाली. मे महिना, दुपारचे तीन वाजलेले. स्टँडजवळ चहाला थांबलो आणि वीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी सुरूच होईना. बॉनेटपाशी पेट्रोलचा उग्र वास येत होता. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र मधोमध, जसा नेहमी असतो तसा.

गाडी अण्णांची. १९९७ सालची जिप्सी, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळायचं काम जुन्या धर्तीच्या यंत्राकडं असलेली. अण्णा गेल्यावर ती विकायला कुणाचंच मन झालं नाही आणि चालवायला घरात मीच उरले. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाडीच्या पोटात हात घालायची सवय लहानपणापासून आहे, कारण शेतावर मोटर बंद पडली की पान्हा धरायला अण्णा मलाच हाक मारायचे.

त्या दिवशी अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं, मग अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरला आणि सेल्फ मारला तेव्हा काळा धूर सोडत गाडी सुरू झाली. आसळज, कळे करत रात्री घरी आलो. पण उन्हाळ्यात असं तिसऱ्यांदा झालं होतं, आणि पेट्रोलचा वास आणि तापलेलं लोखंड एकाच झाकणाखाली असणं मला सहन होईना. आईला शेजारी बसवून तर नाहीच.

तोवर काय काय करून झालं होतं ते सांगते. एका गॅरेजात रेडिएटर काढून रॉडिंग केलं, म्हणजे त्याच्या नळ्या सळीनं साफ केल्या. दुसऱ्या ठिकाणी कूलंट बदललं, वॉटर पंप बदलला. तिथंच "आपल्याकडं याची गरज न्हाई" म्हणून थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकला. यात माझे बरेच पैसे गेले, पण पैशापेक्षा मला याचं वाईट वाटतं की कुणीही एक साधा प्रश्न विचारला नाही: इंजिन तापतंय की बॉनेटखालची इंजिनाची खोली तापतेय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा फक्त पाण्याचं सांगतो. ढोबळ हिशेबानं पेट्रोलच्या उष्णतेतला पाव हिस्सा चाकांना मिळतो, साधारण तिसरा हिस्सा पाण्यातून रेडिएटरकडं जातो आणि तेवढाच सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पडतो. माझ्या गाडीत पाण्याची वाट ठीक होती. बिघाड सायलेन्सरच्या वाटेवर होता, आणि त्या वाटेला काटा नसतो.

म्हणून आधी मोजायचं ठरवलं. मल्टिमीटरबरोबर के टाइप थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या, दोन तारा घेतल्या. एक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला जळालेला वायू सायलेन्सरकडं नेणाऱ्या बिडाच्या नळकांड्याच्या, नटाखाली आवळली, दुसरी कार्बोरेटरच्या अंगाला उष्णता सहन करणाऱ्या चिकटपट्टीनं लावली. तारा फायरवॉलमधल्या (इंजिन आणि आपल्यामधला पत्रा) रबराच्या बुचातून आत घेतल्या. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर होताच, पण त्याचा भरवसा जपून धरावा. गंजलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो, चकचकीत अॅल्युमिनियमवर मात्र खूप कमी दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी फेकत नाही आणि समोरच्या वस्तूंची परतवतो. ज्या अॅल्युमिनियमच्या भागावर मोजायचं तिथं मी काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला.

चाचणीचा रस्ता ठरवला पन्हाळ्याचा. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग वर नाक्यापर्यंत. रोज गगनबावडा परवडत नाही, आणि वाघबीळच्या पुढचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला पुरेसा घाम फोडतो. दुपारी अडीचला निघायचं, आत दोघंच, वर पोचल्यावर इंजिन बंद करून वीस मिनिटं आकडे लिहायचे. भाचा शेजारी वही घेऊन बसला होता.

पहिल्या दिवशीचे आकडे: बाहेरची हवा ३७ अंश. वर पोचताना मॅनिफोल्ड ५४०. कार्बोरेटर चालत्या गाडीत ५५, आणि बंद केल्यावर वीस मिनिटांनी ८१. गाडी बंद झाली की पंखा थांबतो, पाणी थांबतं, पण तापलेलं बीड आपली उष्णता देतच राहतं. म्हणून बंद गाडीत खोलीचं तापमान आधी वर जातं आणि मग उतरतं. पेट्रोल पन्नासच्याही आतच उकळायला लागतं. ८१ ला कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उतू जाऊन इनटेकमध्ये सांडतं. गगनबावड्याच्या स्टँडवर जो वास आला तो हाच. अशा वेळी सेल्फ मारत बसू नका, बॉनेट उघडा आणि थांबा. गाडीत आग विझवायचा सिलिंडर नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी तो घ्या.

आता वारा. चालत्या गाडीत हवा जाळीतून आत येते आणि खालून बाहेर जाते, असं आपण धरून चालतो. समोरच्या जाडजूड बंपरवर अण्णांनी दोन मोठे दिवे लावले होते, ते बरोबर जाळीसमोर होते. ते काढले. रॉडिंगच्या वेळी काढलेला पंख्याभोवतीचा प्लॅस्टिकचा घेर परत बसवलाच नव्हता. घेर नसला की पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो, आणि घाटात गाडी हळू असताना सगळी मदार पंख्यावर असते. तो घेर गॅरेजच्या माळ्यावर सापडला, एक कान तुटलेला. पट्टी मारून बसवला.

बऱ्याच जणांनी सुचवलं होतं की बॉनेटच्या बिजागरीखाली वायसर घालून मागची कड उचला, गरम हवा निघून जाईल. मी तसं केलं, पण त्या फटीत लोकरीचे तुकडे चिकटवले आणि भाच्याला बघायला सांगितलं. गाडी उभी असताना दोरे बाहेर फडफडत होते. पन्नासच्या वेगाला सगळे आत खेचले गेले. जिप्सीची काच जवळजवळ उभी आहे, वारा तिच्यावर आदळून काचेच्या बुडाशी दाब वाढवतो, आणि हवा फटीतून आत घुसते. म्हणजे खालून बाहेर पडणाऱ्या गरम हवेची वाट उलट अडते, आणि पावसात पाणी प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर येणार ते वेगळंच. वायसर त्याच दिवशी काढले. उभ्या गाडीला बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवणं यापेक्षा कितीतरी बरं.

या सगळ्यानं कार्बोरेटरचा आकडा ८१ वरून ७६ वर आला. मॅनिफोल्ड मात्र ५३५. म्हणजे हवेची वाट मोकळी केली, पण जाळ तसाच.

इथं मला आमचं गुऱ्हाळ आठवलं. लहानपणी हंगामात मी चुलवाणापाशी बसायचे. एकदा जाळ घालणारा नवीन होता, ओली चिपाडं एकदम कोंबत होता. धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा बाहेर दिसायला लागल्या. मला वाटलं, काय जाळ लागलाय! पण काहिलीतला रस काही केल्या उकळेना. गुळव्या ओरडत आला, आणि अण्णा मला जवळ घेऊन म्हणाले, "बाळ, जाळ काहिलीखाली पायजे. धुराड्यात जळला तर धुराडं तापतंय, गूळ न्हाई होत."

इंजिनातही नेमकं हेच होतं. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पिस्टन खाली निघाल्यावर जळत राहतं. पिस्टनला ढकलण्यात जी उष्णता खर्ची पडायची ती तशीच एक्झॉस्ट वाल्वमधून मॅनिफोल्डमध्ये येते. ताकद कमी, धुराडं लाल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, दाखवणारा टायमिंग लाइट आहे हे माहीत होतं. अण्णांच्या वेळेपासून ओळख, मी त्यांना मामा म्हणते. त्यांना म्हटलं, "मामा, टायमिंग कानानं नको, लाइटनं बघूया." ते रागावले नाहीत. इंजिन गरम केलं, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, आयडल पुस्तकात दिल्याप्रमाणं लावला आणि लाइट खुणेवर धरला. ठिणगी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा सात अंश उशिरा पडत होती.

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणीतरी नॉकिंग दाबाय टायमिंग मागं घेतलंय बघा ताई." आणि ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी घाटात ही खटखट (नॉकिंग) येते म्हणून मीच एका गॅरेजात तक्रार केली होती, आणि दहा मिनिटांत आवाज गेला म्हणून खूश होऊन घरी आले होते. आवाज का येत होता ते मी विचारलं नाही, त्यांनी शोधलं नाही.

खटखट का येत होती याचं उत्तर प्लगांनी दिलं. चारही प्लगांची टोकं पांढरट, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, आणि अशा पातळ मिश्रणात खटखट येते. कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकात, वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर होता. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण आणखी पातळ पडतं. नव्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. आयडलचा स्क्रू फिरवून हे सुटत नाही, कारण चढावर गाडी मेन जेटवर चालते. मामांनी जेट साफ केला, बसवून चालवून बघितला, प्लग अजून पांढरेच होते म्हणून एक नंबर मोठा घातला. पन्हाळ्याच्या दोन फेऱ्यांनंतर प्लग फिकट तपकिरी झाले. मग टायमिंग पुस्तकाप्रमाणं लावलं. खटखट आली नाही.

व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळीही डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला चिरलेली निघाली. ती तोंडात धरून हवा ओढली की आतला पडदा फाटलाय की नाही कळतं. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. माझा शाबूत होता, नळी तेवढी बदलली. घाटात तिचा फारसा संबंध नाही, कारण थ्रॉटल उघडा असताना व्हॅक्यूमच नसतो, पण हायवेला सपाटीवर ठिणगी लवकर पाडायचं काम तिचं आहे. कागलकडं जाताना गाडी उगाच तापायची ती बहुतेक यानंच.

सकाळी थंड इंजिनावर मॅनिफोल्डपाशी बारीक टकटक यायची आणि गरम झाल्यावर जायची, तीही या वेळी नीट बघितली. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा पट्टा होता. मॅनिफोल्ड आवळणारा स्टड तुटलेला. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, म्हणून गरम गाडीत गळती ऐकू येत नाही. ही तपासणी थंड गाडीतच करावी. त्या फटीतून घाटात तापलेला वायू थेट खोलीत सुटत होता, आणि विषारी वायू आत बसणाऱ्यांपर्यंत यायचा धोका होताच.

शेवटी मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा. मूळचा कुणीतरी खडखडतो म्हणून काढून फेकला होता. उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून नवा करून घेतला. त्यानं आधी जस्ताचा पत्रा काढला, मी नको म्हटलं. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याचा धूर वाईट. स्टेनलेसचे दोन पातळ पत्रे, मध्ये बोटाएवढी पोकळी, खालून-वरून उघडी, म्हणजे मधली हवा तापून वर जाते आणि थंड हवा खालून येते. मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळायचं मी टाळलं. बीड जुनं आहे, पट्टीखाली ओल धरून ते तडकेल याची मला भीती वाटते. थर्मोस्टॅटही परत बसवला. त्याचा या तापाशी संबंध नव्हता, पण तो नसला तर सपाटीवर इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि काट्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पुन्हा पन्हाळा, तीच वेळ, हवा ३६ अंश. मॅनिफोल्ड ४५०. नव्वद अंशांचा फरक ऐकायला मोठा वाटत नसेल, पण तापलेली वस्तू जी उष्णता फेकते ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. ५४० म्हणजे ८१३ केल्विन, ४५० म्हणजे ७२३. हिशेब केला तर आधी तोच मॅनिफोल्ड आताच्या दीडपटीहून जास्त उष्णता आजूबाजूला फेकत होता. कार्बोरेटर वीस मिनिटांनी ५८. भाच्याने वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

जूनच्या पहिल्या पावसाआधी आईला घेऊन परत खाली वैभववाडीला गेले आणि करूळ चढून आले. गगनबावड्याला त्याच टपरीवर चहा घेतला, मुद्दाम पंचवीस मिनिटं थांबले. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. आईचे पाय खालीच होते. गिअरच्या रबरी टोपणापाशी अजून थोडी ऊब लागते. ते टोपण फाटलंय आणि चाकाच्या आतल्या बाजूचा रबराचा पडदाही नाही. दोन्ही सांगून ठेवलेत, आले की बसवीन आणि पुन्हा मोजीन.