थोरल्याच्या दाराशी

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता तीन वर्षं होतील. त्या दिवशी आई म्हणाली, "तू थोरली. तूच रडलीस तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" मी रडले नाही. विम्याचे कागद, कंपनीतला हिशेब, भाच्याची फी, सगळं केलं. रामकुंडावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कोरड्या डोळ्यांनी उभी राहिले. बाई खंबीर आहे, असं लोक म्हणायचे आणि हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं. फक्त रात्री झोप लागायची नाही, आणि वहिनीकडे जाणं मी कामाची सबब सांगून टाळायचे.

आमच्या सिडकोतल्या भजनी मंडळाच्या बायका दरवर्षी पौष वद्य एकादशीच्या यात्रेला निवृत्तीनाथांकडे पायी जातात. नाशिक ते त्र्यंबकेश्वर साधारण २८ किलोमीटर. पंढरीच्या वाटेपुढे हे काहीच नाही, म्हणून मी हो म्हटलं. भक्तीपेक्षा घराबाहेर पडायची ओढ जास्त होती.

थंडी कडाक्याची होती. त्र्यंबक रोडला लागेपर्यंत मागून-पुढून दिंड्या मिळत गेल्या आणि रस्ताभर टाळ वाजू लागले. सातपूर आलं. माझा भाऊ इथल्याच एका कारखान्यात होता. दुसऱ्या पाळीला डबा विसरला की मी गेटपर्यंत नेऊन द्यायचे. त्या वळणावर मी मान खाली घातली आणि पुढच्या बाईच्या टाचांकडे बघत चालत राहिले.

सिन्नरकडच्या दिंडीतल्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन माझ्या शेजारून चालत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "कोन गेलं गं तुझं?"

मी दचकले. "धाकटा भाऊ."

"मंग नीट ठिकानी चाललीस. त्यो बी थोरलाच व्हता."

एवढंच बोलून त्यांनी पुन्हा अभंग धरला.

मुक्काम महिरावणीच्या पुढे होता. पिठलं-भाकरी झाली, हरिपाठ झाला आणि कीर्तनाला बुवांनी आळंदीचा प्रसंग घेतला. १२९६ साल, कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानदेव समाधीला निघाले, तेव्हा त्यांचा हात धरून आत नेणारे निवृत्तीनाथच होते. पाठचा भाऊ, आणि शिष्यही तोच. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने वाट चुकलेल्या ज्या मुलाला गहिनीनाथांनी गुहेत उपदेश केला, तो मुलगा म्हणजे हेच निवृत्तीनाथ. इतका मोठा योगी. पण समाधीचं दार लागलं आणि भरल्या तळ्याचा बांध फुटावा तसे ते फुटले. नामदेवांनी ते अभंगांत मांडून ठेवलंय. महिन्याभराने सासवडला सोपानदेव गेले. पुढच्या वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. मग ज्येष्ठात, त्र्यंबकला, ते स्वतः. तिघांनाही निरोप देऊन झाल्यावर.

बुवा म्हणाले, "ज्ञान होतं म्हणून रडू आलं नाही, असं झालं नाही माउली. थोरला होता म्हणून सगळ्यांत जास्त आलं."

ज्ञानोबांचे गुरू एवढ्या एका ओळीत आपण निवृत्तीनाथांना बसवून टाकलंय, असं मला वाटतं. मीही लहानपणापासून तेवढंच ऐकलं होतं. मागे उरलेला भाऊ म्हणून त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मंडपाच्या कडेला बसल्या जागी मला रडू फुटलं. आवाज आवरेना. भावाचं नाव तोंडातून बाहेर पडत राहिलं. तीन वर्षांत ते मी फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. आजींनी समजूत घातली नाही. त्यांनी घोंगडीचं एक टोक माझ्या अंगावर ओढलं आणि टाळ्या वाजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीचं फारसं आठवत नाही. अंजनेरीजवळ पाय सुजले होते, ब्रह्मगिरी समोर दिसत होता. गर्दीत आजींची चुकामूक झाली ती झालीच. दर्शनाच्या रांगेत कित्येक तास गेले, समाधीपुढे मात्र क्षणभरच उभं राहता आलं. काही मागितलं नाही. "दादा," एवढंच म्हणाले.

बाहेर येऊन कुशावर्ताजवळ बसले आणि वहिनीला फोन लावला. "त्र्यंबकला आलेय," म्हणता म्हणता पुन्हा कंठ दाटला. पलीकडे खूप वेळ शांतता होती.

"ताई, तुम्ही रडताय?"

"हो गं."

मग तीही रडू लागली. जरा वेळाने म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला तितकंसं..." पुढचं तिला बोलवलं नाही. मला मात्र सगळं कळलं. माझ्या खंबीरपणाच्या पलीकडे ती तीन वर्षं एकटी बसली होती, आणि मी समजत होते की मी तिला आधार देतेय.

परवा ती आमच्याकडे आली होती. भाच्याला मी त्याच्या बाबांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, डबा विसरायची सवय तर दोनदा सांगितली. निघताना तिने विचारलं, "पुढच्या पौषात किती दिवस आधी सुट्टी टाकावी लागेल?"