मतमाउलीच्या वाटेवर जाऊबाई

श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची यात्रा भरते, तिथे आमची दिंडी पायी निघाली होती. कायगाव टोक्याचा पूल ओलांडेपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. असतं तसंच सगळं, पुढे छोटा हत्ती टेम्पोच्या रथावर झेंडूच्या माळांमध्ये मतमाउली, मागे भजनी मंडळ, त्यामागे आम्ही बाया, आणि शेवटी ती पोरं जी मोबाईलमध्ये बघत चालतात आणि तरी आपल्याआधी मुक्कामाला पोचतात. गोदावरीला पाणी चांगलं होतं. प्रवरासंगमला सिद्धेश्वराच्या देवळाकडे बघून हात जोडले (जोडतो आम्ही, कोणाला काय वाटायचं ते वाटो). नेवाशात पैस खांबाकडे जाणारी पाटी दिसली, शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, डास होते. झालं.

मी एसटीत कंडक्टर आहे. हा रस्ता मला डोळे मिटून पाठ, पण बसमधून. यात्रेच्या दिवसांत हरेगावच्या जादा गाड्यांवर ड्युटी लागायची, उभ्या गर्दीतून वाट काढत तिकिटं द्यायची, मतमाउलीच्या दारात माणसं उतरवायची आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) सुरू व्हायच्या आत डबल बेल मारून परत. ह्या वर्षी रजा मंजूर झाली म्हणून चालत निघाले. नवस वगैरे काही नव्हता. हे लोकांना पटतच नाही, बाई पायी निघाली म्हणजे काहीतरी मागायला निघाली. मला एवढंच हवं होतं की देव आहे हे एकदा तरी फादरांच्या प्रवचनातून नको, असं अंगाला कळावं. घरी रोझरी, म्हणजे जपमाळ, घेऊन बसते तर दुसऱ्या दहा मण्यांतच डोळा लागतो, रविवारी मिस्सेला उभी असते तेव्हा डोक्यात वेबिल, तिकिटांचा हिशोब, चालू असतं. म्हटलं चालताना तरी डोकं रिकामं होईल.

रिकामं कसलं होतंय. शेजारी जाऊबाई होत्या.

आता हे थोडं सांगावं लागेल. घराची वाटणी झाली तेव्हा सासूबाईंची पण झाली. लिहायला वाईट वाटतं पण झाली. एक महिना आमच्याकडे, एक महिना त्यांच्याकडे, मधे भिंत आणि भिंतीत एक दार. जानेवारी आमच्यापासून धरला, म्हणजे फेब्रुवारी कायमचा जाऊबाईंच्या वाट्याला. आता तुम्हीच करा हिशोब, जानेवारी मार्च मे जुलै एकतीस एकतीसचे, सप्टेंबर नोव्हेंबर तीसचे, माझे भरतात 184 दिवस. त्यांचे 181. वर्षाला तीन दिवस मी जास्त करते. तोंडाने कधी बोलले नाही कोणापाशी, पण खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखं मनात खुळखुळत राहतं.

बसमध्ये मी फार प्रेमळ आहे बरं का. पळत येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ड्रायव्हरला थांबवते, लेकुरवाळीला माझी सीट देते, दारू पिऊन बडबडणाऱ्याशी पण नीट बोलते. लोक म्हणतात, मॅडम तुम्ही ख्रिश्चन ना, कळतं लगेच. पण प्रवाशावर प्रेम करणं सोपं असतं, तो पुढच्या स्टॉपला उतरतो. जाऊ उतरत नाही.

आणि जाऊबाई म्हणजे काय सांगू, आवाज वरच्या पट्टीतला आणि माईक हातात आला की सुटत नाही. प्रार्थनेत देवाला बातम्या देतात, हे प्रभू, तुला ठाऊक आहे की अमक्याच्या मुलाने अजून कॉलेजचा फॉर्म भरलेला नाही. नेवाशाच्या मुक्कामी विनंत्यांमध्ये म्हणाल्या, आमच्या घरात ज्यांचं मन लहान आहे त्यांना मोठं मन दे. दिंडीतल्या निम्म्या बायांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं सगळ्यांबरोबर, दुसरं काय करणार.

त्यात गुरुवारची रोझरी. माळ जपताना येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवायचे, त्यांना रहस्यं म्हणतात, वारानुसार वेगळी. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली घातलेली, पण आमच्यातल्या जुन्या बायांच्या तोंडात गुरुवारची आनंदाचीच बसलीत. मग रथावरच्या माईकवर प्रकाशाच्या रहस्यातलं काना गावचं लग्न लागतंय आणि इकडे मागच्या रांगेत आनंदाच्या रहस्यातली मरिया तिच्या नात्यातल्या एलिसाबेथकडे निघालेली. मरिया तीन महिने राहिली म्हणे एलिसाबेथकडे, एका घरात, दोघी पोटुशा. आम्हाला एका सतरंजीवर एक रात्र निभली नाही, चादर कोणी ओढली यावरून.

शुक्रवारी दुपारी नेवासा सोडून बरंच पुढे आलो होतो आणि पाऊस आला. पाच-दहा मिनिटांचा, पण बूट आतून भिजवून गेला, आणि त्यावर असं ऊन पडलं की डांबरातून वाफा. टाच आधीच हुळहुळत होती. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, मी सकाळपासून टप्पे मोजत होते, अर्धा झाला, पाऊण झाला, आणि त्या पावसानंतर पाव टप्पासुद्धा संपेना. प्रत्येक पावलाला टाचेत काहीतरी पिचकतंय असं वाटायचं. दिंडी पुढे गेली. भजन ऐकू येईना झालं, नुसती ढोलकी, मग ती पण नाही. जाऊबाई मागे थांबल्या कारण त्यांना थांबावंच लागलं, दोघींची पिशवी एकच होती. दर शंभर पावलांवर म्हणायच्या, मी सांगितलं होतं चपला घाल. खरं सांगते, त्या वेळी मला देव वगैरे काही नको होता, जाऊबाई गप्प बसायला हव्या होत्या एवढंच.

रस्त्याच्या कडेला बाजरी कणसात आलेली आणि बांधावर लिंबाखाली एक म्हातारी पत्र्याचा डबा वाजवत पाखरं हाकत बसलेली. तिने लांबूनच बघितलं.

"कुठं निघाली गं अशी लंगडत?"

"हरेगावला."

"मंग लांब हाय अजून. बस खाली."

जाऊबाई म्हणाल्या, आजी, आम्हाला उशीर होतोय, रथ पुढे गेला. म्हातारी म्हणाली रथ काय पळून चाललाय का, आणि माझा बूट काढायला लागली. मी पाय मागे घेतला, चिखल, घाम, वास, नको वाटतं ना. तिने पोटरीला धरून पुढे ओढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, पाण्याने टम्म, करंगळीखाली दुसरा. जाऊबाईंनी तोंड फिरवलं, त्यांना असलं बघवत नाही.

म्हातारी दर आषाढीला पंढरपूरला पायी जाणारी. कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीशेजारी सुई-दोरा. फोड फोडायचा नाही म्हणाली, कातडं काढायचं नाही, दोरा ओवायचा आणि तसाच ठेवायचा, त्याच्यावाटे पाणी झिरपतं. काडी पेटवून सुई लाल केली. मग जाऊबाईंना म्हणाली, "धर तिचा पाय. हलवंल ती. बहीण का तुझी?"

"जाऊ आहे."

"मंग तर घट्ट धर."

जाऊबाई बसल्या खाली बांधावर. यात्रेसाठी घेतलेली साडी, मोरपंखी, त्यावर माझी चिखलाची टाच. दोन्ही हातांनी घोटा धरला, मान दुसरीकडे, आणि तोंडाने भराभरा नमो मरिया नमो मरिया, जसं काही सुई त्यांनाच टोचणार होती. म्हातारीने विचारलं तेल आहे का कोणाकडे. खोबरेल आमच्याकडे नव्हतं. जाऊबाई जरा वेळ गप्प राहिल्या, मग पर्समधून वेलंकनीची बाटली काढली, तमिळनाडूतल्या मरियामातेच्या तीर्थाची. आशीर्वादित तेल, कोणीतरी आणून दिलेलं, सासूबाईंच्या गुडघ्याला सुद्धा जपून लावतात ते. "तीन थेंब बास होतील," म्हणाल्या. म्हातारीने बाटली घेतली आणि दोरा त्यात सरळ बुडवूनच काढला. जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

फार दुखलं नाही. सुई एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली, दोऱ्याची दोन टोकं बाहेर लोंबत ठेवली, पाणी टपकलं ते जाऊबाईंच्या निऱ्यांवर. त्यांनी हात काढला नाही. एवढंच लक्षात आहे माझ्या, काढायला हरकत नव्हती, काम झालं होतं, म्हातारी करंगळीकडे वळली होती तरी घोट्यावरचा हात तसाच. गिरणी चालवतात त्या, तळवे खरबरीत आहेत. इतक्या वर्षांत त्यांचा हात असा कधी लागला नव्हता मला, साखरपुड्याच्या दिवशी कुंकवाऐवजी फुलं देताना लागला असेल तेवढाच.

पैसे द्यायला गेले तर म्हातारीने डबा वाजवला. म्हणाली माझ्या नावानं मेणबत्ती लाव. नाव विचारलं तर म्हणे माउलीला कळतं की, बाजरीवाली म्हण.

जाऊबाईंच्या चपला मी घातल्या, माझे बूट त्यांनी. त्यांना सैल होत होते, फटक फटक आवाज करत चालल्या आणि त्याबद्दल बोलत राहिल्या.

अंधार पडला तरी टाकळीभान आलं नव्हतं. शुक्रवार, म्हणजे दुःखाची रहस्यं. दोघीच होतो म्हणून प्रत्येक नमो मरियाचा पहिला अर्धा त्यांनी म्हणायचा, पुढचा मी. दुसऱ्या की तिसऱ्या रहस्यापर्यंत म्हटलं मी, मग आवाजच फुटेना, थकव्याने असेल. मला वाटलं आता त्या बोलणार. काही बोलल्या नाहीत, माझा अर्धा पण त्याच म्हणायला लागल्या. नमो मरिया ते आमेन, पूर्ण, एकट्या, आणि चक्क हळू आवाजात.

चौथं रहस्य क्रूस वाहून नेण्याचं. त्यात मला कायम तो शिमोन कुरेनेकर आठवतो. तो काही भक्त म्हणून पुढे झाला नव्हता, रानातून घरी चालला होता, शिपायांनी येशूचा क्रूस वाहायला धरला वेठीला. मनातून चरफडत असणार, आजच बरा सापडलो, मी सांगितलं होतं दुसऱ्या रस्त्याने जाऊ. त्याने प्रेमाने क्रूस उचलला असं शुभवर्तमानात कुठेही नाही. तरी वजन खांद्यावर आलंच की त्याच्या. आणि पलीकडच्याचं तेवढं उतरलंच. आम्ही आपले आधी मनात प्रेम यायची वाट बघत बसतो, मग करू म्हणतो, आणि मन काही भरत नाही, आणि महिने मोजत बसतो. बाजरीवालीने वाट बघितली नाही. धर म्हणाली.

पुढचं नीट सांगता येणार नाही. टॉर्च मारायची गरज नव्हती एवढा उजेड होता आभाळात, बुटाचा फटक फटक आवाज, उसाच्या पानांचा आवाज, आणि आम्ही दोघी नव्हतो. म्हणजे दोघीच होतो, पण नव्हतो. रडू आलं नाही, अंगावर काटा आला नाही, कोणी काही बोललं नाही. घरात दुसऱ्या खोलीत माणूस असलं की न बघता कळतं ना, तसंच कळत होतं, आणि मी वळून बघितलं नाही. गावाचे दिवे दिसले तेव्हा लक्षात आलं की मी टप्पे मोजायचं कधीच सोडून दिलंय. कुठपासून, ते आठवून बघितलं, नाही आठवलं.

मुक्कामाच्या जागी पोचलो तर खिचडी संपलेली. जाऊबाईंनी माईक घेतला आणि सगळ्या दिंडीला सांगितलं की आमच्या धाकटीमुळे उशीर झाला. धाकटी! आणि वर वेलंकनीच्या तेलाची अख्खी गोष्ट, त्यात बाटली त्यांनी स्वतःहून ओतली होती. मी इतकी चिडले की उपाशी झोपले, खरं तर कोणाकडे तरी बिस्किटं होती.

हरेगावला गर्दी, दरवर्षीसारखी. माझे आजोबा इथल्या साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायचे, आता तो सगळा भाग बघवत नाही. कन्फेशनच्या (फादरांपाशी पापं कबूल करायच्या) रांगेत जाऊबाई माझ्यापुढे होत्या आणि बराच वेळ लागला त्यांना, काय सांगत होत्या कोण जाणे, बातम्याच असणार. बाजरीवालीची मेणबत्ती लावली, ती बाकीच्यांबरोबर लगेच वितळून गेली. मिस्सेला काहीच जाणवलं नाही. स्पीकर शिट्टी मारत होता आणि दोऱ्याची टोकं चपलेत अडकत होती. देवाला मी म्हटलं, असं करतोस का. पण रागाने नाही म्हटलं.

परतीला एसटी. जाऊबाईंनी दोघींची तिकिटं काढली, महिलांना अर्धं तिकीट, पण त्या अर्ध्या तिकिटाचे उपकार घर येईपर्यंत पुरले.

पाय चिघळला नाही, करंगळीचं नख मात्र गेलं. मी ड्युटीवर लगेच हजर झाले, उभ्याने काम, संध्याकाळी पाय भोपळा. सप्टेंबर माझा, सासूबाई तीस तारखेपर्यंत माझ्याकडे. 27 च्या संध्याकाळी भिंतीतलं दार वाजलं. जाऊबाई म्हणाल्या, तुझा पाय काही उतरत नाही, आईंना आजच नेते. मी म्हटलं अजून तीन दिवस आहेत. त्या म्हणाल्या, माहितीये मला किती आहेत ते. एवढंच, आणि सासूबाईंना काखेत धरून घेऊन गेल्या. मी कोणापाशी कधी बोलले नव्हते, वर सांगितलंच आहे. आता त्यांच्याकडे पण कॅलेंडर आहेच म्हणा.

पाच मिनिटांत परत आल्या, सासूबाईंची चाकाची खुर्ची राहिली होती. ढकलून बघितली आणि म्हणाल्या, हे चाक कुरकुरतंय, तेल घालून द्यायला काय झालं होतं. मी म्हटलं, तुमच्याकडे आहे ना वेलंकनीचं.