थकलेलं कर्ज मिटवताना आधी पत्र, मग पैसे

वसुलीचे फोन सुरू झाले की काही जण फोन उचलणंच बंद करतात, तर काही जण घाबरून एजंट सांगेल ती रक्कम भरून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात थकबाकी वाढत राहते. दुसऱ्यात पैसे जातात आणि क्रेडिट रिपोर्टवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरचा, डाग तसाच राहतो. म्हणून पैसे भरण्याआधी एकच गोष्ट पक्की करून घ्या: हे खातं रिपोर्टमध्ये शेवटी काय म्हणून दिसणार?

त्यासाठी आधी रिपोर्ट काढा. आपल्याकडे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क असे या नोंदी ठेवणारे चार क्रेडिट ब्युरो आहेत. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. चारही काढा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते. ३०० ते ९०० मधला स्कोअरचा तो आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि थकलेल्या खात्याचं पान वाचा: खाते क्रमांक, थकीत रक्कम, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख आणि महिन्यांच्या चौकटींतला डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं. ‘रिटन ऑफ’ दिसलं म्हणजे कर्ज माफ झालं असं समजू नका. बँकेने ते फक्त आपल्या हिशेबातून काढलेलं असतं, तुमचं देणं कायम असतं.

पैसे कोणाला द्यायचे, हेही तपासावं लागतं. जुनी कर्जं बँका अनेकदा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकतात. तसं असेल तर कर्ज त्यांच्याकडे गेल्याचं पत्र मागा आणि रिपोर्टमध्ये कोणाचं नाव आहे ते जुळवून पाहा. एजंट दारात आला तर त्याचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणं, शिवीगाळ करणं, नातेवाइकांसमोर अपमान करणं, सगळं वर्ज्य आहे. फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा, तक्रारीत तोच पुरावा ठरतो. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. मात्र चेक बाउन्सची कायदेशीर नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर चेकविषयीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो.

आता मुख्य निर्णय. पूर्ण रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ होतं. तडजोड करून कमी भरली तर ‘सेटल्ड’ लागतं, आणि पुढे गृहकर्ज मागताना ते नडतं. तडजोडीनंतर तीच बँक शेतीकर्ज सोडून नवं कर्ज किमान १२ महिने देऊ शकत नाही. त्यामुळे मुद्दल झेपण्यासारखं असेल तर आधी दंड आणि व्याजात सूट मागा, आणि त्या रकमेत खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवणार का, हे लेखी विचारा. बँक नेहमी कबूल होत नाही, पण विचारायलाच हवं. पैशाची खरोखर ओढाताण असेल तर सेटलमेंट करा, त्यात कमीपणा काही नाही. खातं वर्षानुवर्षं थकीत दिसण्यापेक्षा ते बरंच. उरलेली रक्कम नंतर भरून ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेता येतं.

ठरलं की बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि यानंतर काहीही येणं उरणार नाही, हे वाक्य हवं. एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे पत्र नव्हे. पैसे थेट कर्जखात्यातच भरा. रोख नको, एजंटच्या यूपीआयवर तर मुळीच नको. हप्त्यांत सेटलमेंट असेल तर तारखा काटेकोर पाळा. एक हप्ता चुकला तरी बहुतेक पत्रांतल्या अटींप्रमाणे तडजोड रद्द होते आणि जुनी थकबाकी पुन्हा उभी राहते.

पैसे भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असं, पत्र घ्या. बँका आता महिन्यातून निदान दोनदा ब्युरोंना माहिती पाठवतात, म्हणून महिनाभराने रिपोर्ट पुन्हा पाहा. नोंद बदलली नसेल तर ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाका आणि सोबत बँकेलाही पत्र आणि पावत्या पाठवा, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरो काहीच बदलत नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, तिला शुल्क नाही.

स्कोअर मात्र लगेच उसळणार नाही. सिबिलच्या रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा डीपीडी दिसतो आणि खऱ्या नोंदी पैसे घेऊन कोणीही पुसू शकत नाही. तशी जाहिरात करणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. त्यापेक्षा मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरा. या काळात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते.